पार्सल हरवलं की आधी पैसे परत

(जालना येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘ऑनलाइन विक्री : संधी आणि आव्हाने’ असा छापलाय. संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत. ग्राहक आयोगात उभं राहणारा वकील म्हणून मी एकाच आव्हानावर बोलणार आहे: पार्सल निघालं आणि पोचलंच नाही. त्यावरचं माझं म्हणणं आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्हाला विरोध करायला तासभर मिळेल. (हशा) पार्सल हरवलं, की आधी गिऱ्हाइकाचे पैसे परत करायचे. कुरियरवाल्याशी भांडण त्यानंतर.

(मागच्या रांगेतून: “म्हणजे दोन्हीकडून आम्हीच मरायचं का?”)

मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार. येतो त्यावर, थोडा धीर धरा.

जालना हे घाऊक व्यापाराचं गाव. बियाणं, सळई, मोंढा, हे मी तुम्हाला काय सांगू! पण या व्यापारातून आपल्या डोक्यात एक ओळ पक्की बसली आहे. कुठल्याही दुकानाचं बिल उलटंसुलटं करून बघा, तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं: माल दुकानातून बाहेर पडल्यावर आमची जबाबदारी नाही. माझा झगडा या ओळीशी आहे.

ही ओळ कुणी हवेतून काढलेली नाही, हेही मान्य करतो. 1930च्या माल विक्री कायद्याचं कलम 39 सांगतं, की कराराप्रमाणे माल पाठवायचा असेल, तर तो वाहतूकदाराच्या ताब्यात दिला म्हणजे सकृद्दर्शनी गिऱ्हाइकालाच दिला. त्या काळी खरेदी करणारा स्वतः व्यापारी असायचा. अमुक ट्रान्सपोर्टने पाठवा, असं तोच सांगायचा, बिल्टी त्याच्याकडे जायची आणि माल सोडवून घ्यायला त्याचाच माणूस उभा असायचा. आजची खरेदीदार ताई मोबाइलवर पैसे भरते. कुरियर कोणता, भाडं किती, किंमत काय लिहिली, तिला काही माहीत नसतं. पावती तुमच्या खिशात असते. तिनं भांडायचं कुणाशी आणि कशाच्या जोरावर?

शिवाय त्याच कलमाचं दुसरं पोटकलम कुणी वाचत नाही. वाहतूकदाराशी वाजवी करार करणं ही विकणाऱ्याची जबाबदारी, असं तिथं लिहिलंय. ती पाळली नाही आणि माल हरवला, तर ‘मला माल मिळालाच नाही’ असं म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. 1930चाच कायदा आहे हा! त्यावर आता 2019चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 2020चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. ‘मी काय कंपनी आहे का, मी तर व्हॉट्सअॅपवर विकतो’ असं म्हणू नका. नियमित धंदा म्हणून विकणाऱ्याला ‘मी एकटा माणूस आहे’ ही सबब चालत नाही.

आता पार्सल हरवतं कसं, ते बघू. चोरी होते, नाही असं नाही. पण मी बघितलेल्या प्रकरणांत घोळ पुष्कळदा पत्त्यापासून सुरू झालेला असतो. आपल्या जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातही टेंभुर्णी आहे. आपला पिनकोड 431ने सुरू होतो, तिकडचा 413ने. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की पार्सल थेट सोलापूरकडे, आणि गंमत म्हणजे तिथंही टेंभुर्णी सापडतेच! भोकरदन तालुक्यात राजूर, तसं नगरच्या अकोल्यात राजूर. परतूर तालुक्यात आष्टी, बीडमध्ये आष्टी, वर्ध्यात आष्टी.

हा घोळ सोडवणारा माणूस मराठी होता, हे इथं किती जणांना ठाऊक आहे? श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, पत्ते लिहायच्या नाना भाषा, नाना लिप्या, यातून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांची योजना केली. 15 ऑगस्ट 1972ला ती सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा. 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. आपल्या शहराचा 431203 हा आकडा आपण रोज लिहितो, पण त्यामागचा हा विचार शाळेत कुणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. संस्कृतात कविता करणाऱ्या माणसाला आकड्यांत देश मांडता आला! (टाळ्या) आणि इथं थांबलेलं नाही ते. मे 2025मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणलं. दहा अक्षर-आकड्यांचा संकेत, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेणारा. ‘मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ’ असे पत्ते असणाऱ्या आपल्या वाड्या-तांड्यांना याचा केवढा उपयोग आहे! बचत गटाच्या महिलांनी आपापल्या घराचा डिजिपिन काढून...

(संयोजकांची चिठ्ठी)

वीस मिनिटं उरलीत म्हणतात. पिनकोड इथं सोडतो.

मंठा तालुक्यातल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. गोधड्या शिवतात. दुहेरी टाक्याची, जुन्या नऊवारीची गोधडी, किंमत 2400 रुपये. कुरियरने नाशिकला पाठवली, भाडं 120. गोधडी वाटेत गडप झाली. त्यांनी पिशवीतून पावती काढून माझ्यापुढे ठेवली. ती पांढरी फटक! थर्मल कागदावरची छपाई ती, उन्हानं-घामानं उडून गेलेली. डोळ्याजवळ धरून, उजेडात तिरकी करून नंबराचे चार आकडे लागले. घोषित किंमत मात्र स्पष्ट वाचता आली, कारण ती पेनानं लिहिली होती: 200 रुपये. बुकिंगवरचा पोरगा म्हणाला होता, ‘कमी टाका, काय फरक पडतो.’

काय फरक पडतो ते ऐका. 2007च्या रस्ते वाहतूक कायद्यात घरपोच माल नेणारा कुरियरसुद्धा ‘वाहतूकदार’ धरलाय. 2011च्या नियमांप्रमाणे त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापट, म्हणजे इथं 1200. पण तीही घोषित किमतीच्या वर जात नाही. म्हणजे 200! जास्तीचं भाडं भरून जास्त जोखीम त्याच्यावर टाकायची सोय कायद्यात आहे, ती आपण वापरत नाही. आणि पावतीवर सही केलीत की मागची बारीक अक्षरं तुम्हाला लागू. तिरुपूरच्या भारती निटिंग कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाकीट वेळेवर न पोचल्यानं मोठं नुकसान झालं, असं कंपनीचं म्हणणं होतं. 1996मध्ये न्यायालयानं सांगितलं, पावतीवर 100 डॉलरची मर्यादा आहे आणि खाली तुमची सही आहे, तेवढेच मिळतील.

पण या ताईंनी माझ्याकडे यायच्या आधीच गटातून उचल घेऊन नाशिकच्या बाईंना 2400 रुपये परत केले होते. मी विचारलं, घाई का केलीत? त्या म्हणाल्या, “साहेब, त्या बाईनं पैसे मला दिले होते, कुरियरवाल्याला नाही.” सगळा करार कायदा त्या एका वाक्यात आहे. मी हा आग्रह धरतो तो त्यांच्यामुळे.

(“साहेब, पोस्टानं पाठवलं तर?”)

पोस्ट गावोगाव पोचतं, मी स्वतः त्यानंच पाठवतो. पण टपाल खात्याला कायद्याचं कवच आहे, 1898च्या कायद्यात कलम 6 आणि आता 2023च्या कायद्यात कलम 10. नियमांत कबूल केलंय तेवढीच भरपाई. स्पीड पोस्टचं पाकीट हरवलं तर भाड्याच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. म्हणून किमती वस्तूचा विमा उतरवा. विम्याचे पैसे वाचवू नका.

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो. दोन्हीकडून मरायचं का? नाही. भाव लावतानाच दर पार्सलमागं थोडे रुपये हरवण्याच्या खात्यात वेगळे काढा. परताव्याचे पैसे तिथून द्या, मग डोकं शांत ठेवून कुरियरवर चालून जा. गिऱ्हाइकाशी पंधरा दिवस तू-तू मैं-मैं करण्यात जी माणसं गमावतो, त्यांचा हिशेब आपण मांडतच नाही.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात)

थोड्या गोष्टी भरभर सांगतो. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. पॅकिंगचा आणि काट्यावरच्या वजनाचाही काढा. खरी किंमत लिहा. ट्रॅकिंग जागचं हललं नाही तर वाट बघत बसू नका, लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्या. आणि बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती नसेल तर पुढचा दावा उभाच राहत नाही. पावती त्याच्या आत पांढरी पडते, हे लक्षात असू द्या. पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्यालाही कायदा ‘ग्राहक’ मानतो, म्हणजे कुरियरविरुद्ध ग्राहक आयोगाचं दार तुम्हालाही उघडं आहे. आधी 1915वर फोन करून बघा.

(“आणि गिऱ्हाईकच लबाड असलं तर? मिळालं असून नाही म्हणालं तर?”)

असतात तशी माणसं. म्हणून मी ‘हरवलं की’ म्हणालो, ‘हरवलं म्हणाले की’ नाही. ‘डिलिव्हर्ड’ दाखवत असेल तर कुरियरकडून सहीचा किंवा ओटीपीचा पुरावा दोन दिवसांत मागवा. पुरावा पक्का असेल तर पैसे देऊ नका, खुशाल आयोगात या. पण ‘परतूरच्या स्टँडवर या आणि घेऊन जा’ असं फोनवर सांगून, कुणी आलं नाही तरी पोचल्याची खूण करून टाकतात, हेही मी बघितलंय. पुरावा नसेल तर तो तुमच्या कुरियरचा दोष. पैसे परत.

अध्यक्ष उभे राहिले. नोटिशीचा मसुदा मराठीत टाइप करून आणलाय, प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. तारीख, पावती नंबर आणि घोषित किंमत यांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात. बचत गटाच्या ताईंनी आधी घ्या, बाकीच्यांसाठी उद्या आणखी काढून आणतो.