स्वाध्यायाची पाच अंगे आणि किशोरवयीनांचे वाचन-लेखन



‘असर’ने २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ या वयोगटाची पाहणी केली. सुमारे एक चतुर्थांश मुलामुलींना प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उताराही अस्खलित वाचता आला नाही.

या वयातील अडचण निराळी असते. लहान मूल अडखळले की विचारते. पंधरा वर्षांचा विद्यार्थी लाजेने गप्प बसतो आणि फळ्यावरचे उतरवून घेतो. वही भरते, अर्थबोध होत नाही.

जैन परंपरेने स्वाध्यायास अंतरंग तप मानले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश. ती शास्त्राभ्यासासाठी असली, तरी भाषाशिक्षकासही मार्गदर्शक ठरावीत.

वाचना म्हणजे शिक्षकाने प्रथम स्वतः स्पष्ट वाचून दाखवावे. पृच्छनेत विद्यार्थ्याने शंका विचारावी. तिचे हसे होऊ नये. अनुप्रेक्षा म्हणजे मनन. पुस्तक मिटून वाचलेल्याचा आशय चार वाक्यांत स्वतःच्या शब्दांनी लिहावा. खऱ्या लेखनाचा आरंभ येथेच होतो. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनःपुन्हा पठण. एकच लहान उतारा चार दिवस वाचला की वाचनास ओघ येतो.

पाचवे अंग उपदेशाचे, म्हणजे आपणांस कळले ते दुसऱ्यास सांगण्याचे. नववीच्या विद्यार्थ्याकडे तिसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखविण्याचे काम सोपवावे. त्यासाठी तो घरी तीच गोष्ट अनेकदा वाचील. सोपे पुस्तक हाती धरण्याची लाज त्यास वाटणार नाही, कारण आता तो शिकविणारा असेल.

कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजनांच्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले. आत आलेल्या प्रत्येकास वाचता यावे, एवढे कार्य पुढील पिढ्यांवर सोपविलेले आहे.

समाजात गुणवंतांचे सत्कार होतात, ते उचितच आहे. अडखळणारा विद्यार्थी मात्र त्या सभागृहाकडे फिरकत नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेने आपल्या ग्रंथालयात रोज सायंकाळी एक तास त्याच्यासाठी राखून ठेवावा, निवृत्त शिक्षकांनी तेथे बसावे. ज्ञानदानाचा याहून सोपा मार्ग नाही.