क्रेडिट मोजू नका, तास मोजा

संगीत विषय घेऊन पदवी करणाऱ्या मुलामुलींशी आज थोडं बोलायचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात. कागदावर सगळे क्रेडिट सारखेच दिसतात. पण लेखी विषयाच्या एका क्रेडिटला सत्रभरात 15 तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास धरले जातात. संगीतात भर प्रात्यक्षिकावरच. म्हणून इतिहास घेतलेल्या मैत्रिणीइतकेच क्रेडिट घेतले, तरी तुमचे वर्गातले तास जास्त भरतात. घरचा रियाज तर वेगळाच! जोडीचे विषय निवडताना हा हिशेब आधी मांडा.

दुसरी अडचण परीक्षांची. पुष्कळजण पदवीबरोबरच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारदही करतात. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असतात, म्हणजे नेमक्या विद्यापीठाच्या परीक्षांच्या आगेमागे. अशा वेळी विशारद एक सत्र पुढे ढकलण्यात काहीच कमीपणा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि सकाळ राखून ठेवा. तानपुरा जुळवून खर्ज लावायला निवांतपणा लागतो. तो दोन तासिकांमधल्या फटीत मिळत नाही. त्या फटीत बसतं ते ताललेखन. धमाराच्या 14 मात्रा, त्यांची दुगुन, चौगुन वहीत उतरवायला अर्धा तास पुरतो. बसमध्येही हातावर टाळी-खाली धरत ठेका म्हणता येतो.