ऑक्टोबर नको, अखाजी धरा



खान्देशातल्या बायका स्तनाची तपासणी करून का घेत नाहीत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: अज्ञान, लाज, भीती. मला हे उत्तर अपुरं वाटतं. बाई येत नाही, याचं निम्मं कारण आपण डॉक्टर-परिचारिकांनी ठरवलेल्या वेळेत आणि जागेत आहे.

ऑक्टोबर हा जगभर स्तनकर्करोग जागृतीचा महिना. आपणही त्याच महिन्यात गुलाबी फिती लावतो, शिबिरं भरवतो. पण ऑक्टोबरात पारोळ्याची, शिंदखेड्याची बाई असते कुठे? कपाशीत. वेचणी लागलेली असते, मजुरी किलोवर मिळते आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. त्या दिवसांत शिबिराला या म्हणणं म्हणजे दिवसाची मजुरी सोडा म्हणणं.

आता अखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, पाहा. मागची पिकं घरात आलेली, मृगाच्या पेरणीला अवकाश, आणि सासुरवाशिणी माहेरी आलेल्या. झाडांना झोके बांधलेले असतात. माहेरी आलेल्या लेकीला दवाखान्यात जायला कुणाची परवानगी लागत नाही. सासूपुढे जे तोंडातून निघत नाही, ते आईजवळ, वहिनीजवळ निघतं. ऊन कडक असतं, हे खरं. तपासणी सकाळी दहाच्या आत उरकावी. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हाही सगळं कुटुंब तिच्या रोटाच्या प्रसादासाठी गावी जमतं. आपल्या बायकांचं वर्ष असं चालतं. तपासणीचं वेळापत्रक त्यावर बेतायला हवं.

यंत्राचं काय, असं कुणी विचारेल. मॅमोग्राफी हवीच, विशेषतः पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा, तडवी वस्त्यांपर्यंत यंत्र पोचण्याची वाट पाहत बसायचं कारण नाही, आणि याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी तो वीस वर्षं चालवला. निम्म्या स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासणीच्या गटात ३७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही इथे सांगायला हवं. ते लपवून तपासणीचा प्रचार करू नये. तरुण बाईला गाठ लागली तर तिने लगेच दाखवावं, हा सल्ला मात्र प्रत्येक वयाला लागू आहे.

तो अभ्यास शिकवून तयार केलेल्या साध्या हातांवर उभा होता. तसे हात आपल्याकडे आहेत, फक्त ते नीट शिकवलेले हवेत. तीन मधल्या बोटांचे पेर, लहान गोल, आधी हलका दाब, मग मध्यम, मग फासळीपर्यंत जाणारा. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, उभ्या पट्ट्यांत, एकही पट्टी न सोडता; निंदणी करताना जशी ओळ सुटू देत नाही तशी. शेवटी काख, कारण काखेतली गाठ पुष्कळदा घाईत राहून जाते. एका बाईला नीट तपासायला काही मिनिटं लागतात. ज्या शिबिरात तासाभरात शंभर बायका ‘तपासल्या’ जातात, तिथे आकडा तपासला जातो.

जागेबद्दलही बोलते. उपकेंद्राच्या ज्या खोलीत तपासणी होते, तिच्या दाराला आतून कडी लागते का, खिडकीला पडदा आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? कडी नसलेल्या खोलीत चोळीची गाठ सोडायला सांगायचं आणि मग बायका लाजतात म्हणायचं, हे बरं नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या होत्या फक्त ०.९ टक्के. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची तपासणी अपेक्षित आहे. आशाताईंच्या तपासणी-पत्रकात स्तनातली गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव, आकारातला बदल, हे तिन्ही प्रश्न छापलेले आहेत. ते प्रश्न ओट्यावर, चार माणसांत विचारले तर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

यावल भागातली एक आजी माझ्याकडे आली तेव्हा गाठ कातडीपर्यंत आलेली होती. इतके दिवस का थांबलात, विचारलं. म्हणाल्या, ‘‘दुखस नही, मंग कसाले दखाडू?’’ हे वाक्य मी अनेकींकडून ऐकलं आहे. बायका दुखणं सहन करायला शिकल्यात, न दुखणाऱ्याची दखल घ्यायला त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून पहिला निरोप हाच असावा: सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुसरा निरोप, सुई लावल्याने गाठ पसरते ही समजूत खोटी आहे. सुईच्या तपासणीशिवाय निदान होत नाही. तिसरा घरातल्या पुरुषांसाठी आहे: गाठ लवकर सापडली तर बहुतेक वेळा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते. हे त्यांना आपण सांगत नाही, आणि दवाखान्याची गाडी मात्र तेच ठरवतात.

खरी गळती होते ती गाठ सापडल्यानंतर. चिठ्ठी हातात दिली की आपलं काम संपलं असं होतं आणि ती चिठ्ठी डब्यात पडून राहते. माहेरी तपासलेली बाई सासरी परतली की कुणाच्याच वहीत नसते. तिचं नाव सासरच्या आशाताईकडे फोनवर कळवणं, एवढं साधं काम ही गळती थांबवू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, असं उद्दिष्ट २०२१ मध्ये ठेवलं. आपल्याला ते अवघड नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत धुळे होतं. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन तिच्यात बसतं. रेशनकार्ड हातात असलेल्या बाईला हे निदानाच्या दिवशीच सांगितलं, तर मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जाण्याच्या खर्चाच्या धास्तीने ती घरी बसणार नाही.

म्हणून या सभेची अध्यक्ष या नात्याने एक ठराव मांडते. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस स्तनतपासणीसाठी राखावा आणि त्या दिवशी स्त्री-डॉक्टर हजर असावी. गाठ सापडलेल्या स्त्रीचं नाव निदान हाती येईपर्यंत वहीतून कमी करू नये. आणि येत्या अखाजीच्या आठवड्यात, सकाळच्या वेळी, कडी लागणाऱ्या खोलीत, गावोगावी तपासणी व्हावी. आपण अनुमोदन द्यावं, ही विनंती.