दुकानांवरची बिऱ्हाडं

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा. तिथं 1767 मध्ये जेम्स क्रेग या तरुणाच्या आराखड्यावर ‘न्यू टाउन’ ही नवी वसाहत उभी राहू लागली. रुंद रस्त्यांवर श्रीमंतांचे वाडे आले. मला मात्र जास्त भावतात त्या बाजूच्या गल्ल्यांतल्या जॉर्जियन इमारती, खाली दुकानं आणि वर एकावर एक बिऱ्हाडं असलेल्या. पुढे 1820 च्या दशकात पश्चिमेला वसलेली विल्यम स्ट्रीट तर या पद्धतीचा सुंदर नमुना आहे.

दर्शनी भिंत घडीव वालुकाश्माची, खिडक्या उंच, वरखाली सरकणाऱ्या. पदपथ आणि भिंत यांच्यामध्ये खोल मोकळी जागा सोडलेली, म्हणून तळघरातही उजेड पोचतो आणि तिथंही दुकान चालतं.

खरी करामत अशा इमारतींच्या सामाईक जिन्यात! दगडी पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं अधांतरी. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकलेली. माथ्यावरच्या काचेच्या घुमटीतून दिवसाचा उजेड थेट तळापर्यंत उतरतो. त्या पाथरवटांच्या हिशेबाला दाद द्यावी तेवढी थोडी. 1995 पासून एडिंबराचं जुनं आणि नवं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि विल्यम स्ट्रीटवरची दुकानं आजही उघडी आहेत.