साखर कारखान्याच्या जागी नदीकाठ

श्रोतेहो, आपला साखर कारखाना उसाच्या फडांजवळ असतो. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. पण न्यूयॉर्क शहरात, ब्रुकलिन भागात, ईस्ट नदीच्या अगदी काठावर साखरेचा प्रचंड कारखाना होता. तिथे ऊस कुठून आणणार? जहाजांतून तांबूस, कच्ची साखर येई आणि इथे ती शुद्ध होऊन पांढरी निघे. कच्ची साखर टिकते, म्हणून कारखाना धक्क्यापाशी.

1882 साली तो आगीत जळाला, पुन्हा बांधला गेला आणि 2004 साली बंद पडला. त्याआधी, 1999 पासून, कामगारांनी तब्बल 20 महिने संप केला होता. इतकी वर्षे शेजारच्या वस्तीला नदी जवळ असूनही काठावर पाय ठेवता येत नव्हता.

2018 साली तिथे डॉमिनो पार्क खुले झाले. पाकाच्या टाक्या, याऱ्या, गोदामाचे खांब मोडीत न घालता काठावर मांडले आहेत. गुरुजी, पुढचे खास तुमच्यासाठी. मुलांचे खेळण्याचे ठिकाण छोट्या साखर कारखान्यासारखे केले आहे. पोरे ऊस होऊन एका टोकाने आत शिरायची, चढायची, घसरायची आणि साखर होऊन बाहेर यायची! असा धडा कोण विसरेल?

उद्यान सर्वांना मोफत आहे. ते बांधले आणि राखले मात्र खासगी मालकाने. त्याच्याच उंच इमारती मागे उभ्या आहेत. त्यांत काही घरे कमी भाड्याची आहेत. बाकीच्यांचे भाडे जुन्या साखर कामगाराला झेपणारे नाही.