नकाशावरची लाल शाई

आज अमेरिकेतली एक गोष्ट सांगते, कारण ती कर्जाची आहे.

तिथं मोठी मंदी आली आणि हप्ते थकल्यामुळं लोकांची घरं जाऊ लागली. म्हणून सरकारनं १९३३ साली घरकर्जासाठी एक संस्था काढली. या संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवी वस्ती म्हणजे पैसा सुरक्षित, लाल म्हणजे धोका. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. अशा वस्त्यांतल्या कर्जाला सरकारी विमा मिळेना, मग बँकाही दारात उभं करीनात. माणूस कमावतो किती, हप्ता फेडेल का, हे बघितलंच जात नव्हतं. घर नाही म्हणजे तारण नाही, लेकरांच्या मागं ठेवायला काही नाही. आजोबांना मिळालेला नकार नातवंडांपर्यंत पोचला.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. आठवड्यानं, ११ एप्रिलला कायदा झाला: घर विकताना, भाड्यानं देताना, घरासाठी कर्ज देताना वंश, रंग, धर्म बघायचा नाही. पण त्यात बाई नव्हती! ती आली १९७४ साली. तोवर कमावत्या बाईकडंही नवऱ्याची सही मागत. त्याच वर्षी कर्जाचा वेगळा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीनं नकाराचं कारण सांगणं बंधनकारक झालं.

हे कारणच महत्त्वाचं. "तुमचं काम होणार नाही," असं तोंडी सांगितलं तर दाद कशाची मागायची?

आपल्याकडंही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज देताना बँकेनं बाई-पुरुष, जात, धर्म असा भेद करायचा नाही. अर्जाची पोच द्यायची आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. म्हणून अर्ज लेखीच करा, पोच घ्या, नकारही लेखी मागा. जुनी थकबाकी हे कारण असेल तर ती फेडता येते. कारण पटलं नाही तर आधी बँकेकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि पुढच्या बैठकीत आपल्या गटाची कर्जाची वहीही उघडा. विधवा बाईचं, वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बाईचं नाव दर वेळी शेवटीच येतं का, ते बघा. येत असेल, तर त्याचंही कारण वहीत लिहा.