बर्फाखालची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभे राहा असा आग्रह झाला, तेव्हा मी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाचा हा पहिलाच प्रसंग. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "कॅनडाला जाऊन आलात ना? तेच सांगा." तेव्हा पाहिले तेवढे सांगते. चुकलेमाकले पदरात घ्या.

२०१८ च्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी माँट्रियलला गेले. आई नाही, म्हणून डिंक, सुंठ, बाळंतशेपा बांधून घेऊन मलाच जावे लागले. मुलगा झाला, सगळे सुखरूप पार पडले. पण थंडी काय सांगू! शून्याच्याही खाली अठरा-वीस अंश. बहिणीचे यजमान सकाळी कामावर जात; मग दिवसभर आम्ही दोघी आणि बाळ. सवा महिना होत आला तशी बहीण अबोल झाली. खिडकीशी बसून राही, डोळे भरून येत. एके दिवशी म्हणाली, "ताई, तू गेलीस की मी या भिंतींशी बोलू का?" माझ्या पोटात धस्स झाले. डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी औषधपाण्याचे सांगितले आणि वर म्हणाल्या, रोज चाला, माणसांत जा. पण चालायचे कुठे? रस्त्यावर बर्फ, पाऊल टाकले की घसरले.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तोड सांगितली. म्हणाल्या, "वर चालता येत नाही, तर खाली चाला."

भुयार म्हटल्यावर मला कोंदट काळोखच आठवला. प्रत्यक्षात पाहते तो लख्ख दिवे, दुकाने, खानावळी आणि माणसांची ये-जा! बाळाला छातीशी बांधून आम्ही भुयारी रेल्वेने बोनाव्हेंचर स्थानकावर उतरलो. जाडे कोट काढून हातावर घेतले आणि आतल्या आतच रेल्वेच्या मुख्य स्थानकापर्यंत चालत गेलो. वाटेत एका इमारतीत बर्फाचे रिंगण होते. बाहेरच्या बर्फाला कंटाळलेली माणसे आत येऊन पुन्हा बर्फावरच घसरत होती! ते पाहून बहीण हसली. कित्येक दिवसांनी हसली.

मग आम्ही रोज जाऊ लागलो. बहिणीने वाचून मला या वाटांची हकिकत सांगितली. शहराच्या मध्यभागी रेल्वेच्या रुळांचा मोठा खड्डा वर्षानुवर्षे उघडा पडला होता. त्यावर १९६२ साली प्लास व्हिल मारी ही अधिकच्या चिन्हासारखी उंच इमारत झाली. व्हिन्सेंट पाँटे या नगररचनाकाराच्या कल्पनेने तिच्या पोटात दुकाने काढली आणि तिथून मुख्य स्थानकापर्यंत आतूनच वाट केली. १९६६ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, पुढच्याच वर्षी जागतिक प्रदर्शन भरले. मग एकेका इमारतवाल्याने आपल्या तळघरातून स्थानकाकडे, शेजाऱ्याकडे वाट काढली. अशा जोडत जोडत आज सुमारे ३२ किलोमीटर वाटा झाल्या आहेत. कचेऱ्या, हॉटेले, विद्यापीठ, नाट्यगृहे सगळी त्यांत गुंफलेली. २००४ पासून या जाळ्याला 'रेझो' म्हणतात. फ्रेंच भाषेत जाळ्यालाही तसाच शब्द आहे.

एकदा मी एकटीच गेले आणि चुकले. खाली सूर्य दिसत नाही, त्यामुळे पूर्व कुठली नि पश्चिम कुठली, कळेना. पाट्या फ्रेंचमध्ये. शेवटी मेट्रोची खूण असलेला बाण धरून चालत राहिले आणि घरी पोचले. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

पण एक गोष्ट मनाला लागली. एका ठिकाणी फाटक्या कोटातला म्हातारा भिंतीशी टेकून बसला होता. पहारेकऱ्याने त्याला उठवले. रागावून नव्हे, पण उठवलेच. ही वाट रस्त्यासारखी दिसते. पण तिचे बरेच तुकडे खाजगी इमारतींच्या मालकीचे आहेत आणि रात्री दारे लागतात. आम्ही पिशवी घेऊन हिंडत होतो, म्हणून आम्हांला कोणी हटकले नाही. ऊब त्याला आमच्याहून जास्त हवी होती.

भगिनींनो, इथे परत आल्यापासून मी हेच मनात घोळवते आहे. ते बत्तीस किलोमीटर कुणी एका दिवसात खणले नाहीत. एकाने दुसऱ्याकडे दार काढले, इतकेच. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण नवी बाळंतीण दुपारभर एकटी रडत असली तर शेजारी कळत नाही. आपण गुरुवारी मंडळात येतो, तेव्हा वाटेवरच्या घराचे दार वाजवून तिलाही घेऊन येऊ या. आणि पावसात आपल्या जिन्याखाली भाजीवाली भिजत उभी असते, तिला आत बोलावू या. वर्गणी भरली आहे का, हे विचारू नका.

बहीण आता बरी आहे. मुलगा शाळेत जातो. थंडीत ती अजून त्या वाटेने चालते, आणि आता शेजारच्या आजींचा हात धरून त्यांना सोबत नेते.